संत्र्याला कडी कशाला?

ताई, मी २६ वर्षांची आहे. अप्लाइड आर्ट केलं आणि आता धरमपेठेतल्या एका छोट्या डिझाइन स्टुडिओत काम करते. लग्नपत्रिका, कोचिंग क्लासचे फ्लेक्स, बिल्डरांचे ब्रोशर, मिठाईचे डबे, जे येईल ते आम्ही करतो. मला लहानपणापासून अंतराळाचं वेड आहे. चांद्रयान-३ उतरलं तेव्हा मी स्टुडिओत सगळ्यांसमोर रडले. तेव्हापासून मला 'चांद्रयान'च म्हणतात. मागच्या महिन्यात संत्रा बर्फीच्या डब्याचं काम माझ्याकडे आलं. मी संत्र्याला शनीसारखी कडी घातली, मागे गडद आकाश, तारे. मला ते फार आवडलं होतं. क्लायंटने बघितलं आणि विचारलं, "संत्र्याले कडी काहून घातली वो?" सर सगळ्यांसमोर म्हणाले, "क्लायंटला संत्रं पाहिजे, शनी नाही. ते ग्रह-बिह घरी ठेवून येत जा." तेव्हापासून कामात मन लागत नाही. नोकरी सोडून फिजिक्समध्ये बीएस्सी करू का? इस्रोत माझ्यासारखीला जागा असते का? बाबा म्हणतात, ग्रहांनी पोट भरत नाही. की हे वेड या वयात सोडूनच द्यायचं असतं?
– कडीवाली, नागपूर

प्रिय कडीवाली,

सर सगळ्यांसमोर बोलले, ते वाईट केलं. पण डब्याबद्दल ते बरोबर बोलले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला आपण मोकळ्या.

तो डबा घेणारा माणूस जरा डोळ्यांसमोर आण. संत्रा बर्फी आपल्याकडे बहुतेक वेळा बाहेरगावी न्यायला घेतात. गाडी सुटायला थोडाच वेळ आहे, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, समोर एकावर एक रचलेले डबे. त्या माणसाला चार हातांवरून, एका नजरेत कळायला हवं की यात संत्रं आहे आणि हे नागपूरचं आहे. गडद निळ्यावर कडी घातलेला नारिंगी गोळा त्याला आधी ग्रह वाटणार, मग परदेशी चॉकलेट वाटणार, आणि संत्रं आहे हे उमगेपर्यंत गाडी बुटीबोरी ओलांडून गेलेली असणार. शिवाय मिठाईच्या डब्याच्या कागदावर गडद सॉलिड (सलग भरलेला रंग) घेतलं की घडीवर शाई फुटते आणि पांढरी रेघ दिसते, हे तुला ठाऊक असणारच. म्हणजे डबा प्रेसमधून आला त्याच दिवशी जुना दिसला असता. तो क्लायंट अडाणी नव्हता. त्याने योग्य प्रश्न विचारला होता, कडी काहून? तुझ्याकडे उत्तर असतं तर कदाचित कडी राहिलीही असती. तुझं उत्तर 'मला आवडतं' एवढंच होतं.

आता वेडाकडे येते. ते सोडू नकोस. पण तू ते वापरतेस कसं, ते बघ. तुझ्यासाठी अंतराळ म्हणजे एक दिसणं आहे. कडी, तारे, जांभळ्या-निळ्या छटा, उडतं रॉकेट. हे दिसणं आपल्या गावात इतकं स्वस्त झालंय की दहावीच्या निकालानंतर शंकर नगर चौकात उभं राहिलं तर कोचिंग क्लासच्या फलकांवरची रॉकेटं मोजता येणार नाहीत. प्रत्येकाखाली 'उंच भरारी' लिहिलेलं. त्यातली दोन-चार तूही केली असशील. ज्याला अंतराळाशी काही देणंघेणं नाही, तोही तेच रॉकेट लावतो, मग तुझ्या वेडाचा त्यात उपयोग काय झाला?

ज्या डिझाइनरांनी खरोखर अंतराळासाठी काम केलं, त्यांच्या कामात रॉकेटचं चित्र क्वचितच सापडतं. गालिना बालाशोवा हे नाव तू ऐकलं नसशील. सोव्हिएत संघात ती साधी वास्तुविशारद होती, सोव्हिएत रॉकेटांचा मुख्य रचनाकार सर्गेई कोरोल्येवच्या संस्थेत नोकरीला. १९६०च्या दशकात सोयुझ यान बनत होतं. यानात माणसं नुसती बसणार नव्हती, काही दिवस राहणारही होती. मग आतली जागा कशी असावी हा प्रश्न तिच्याकडे आला. तिथे वजन जाणवत नाही, म्हणजे वर आणि खाली हा भेदच उरत नाही. माणूस डोळे उघडतो आणि आपण उलटे आहोत की सुलटे, हेच त्याला कळत नाही. तिने जमीन गडद हिरवी केली, भिंती आणि छत फिकट ठेवलं. पायाखाली गवत, डोक्यावर उजेड, माणसाला जन्मापासून सवय आहे तसं. बस. पुढे मीर या अंतराळ स्थानकाच्या अंतर्रचनेपर्यंत तिचं काम गेलं, आणि सगळा कारभार गुप्त असल्यामुळे बाहेरच्या जगाला बरीच वर्षं तिचं नावही ठाऊक नव्हतं. यानात लावायला तिने छोटी जलरंगातली निसर्गचित्रंही काढली. ती यानाच्या राहण्याच्या भागाबरोबर परतीच्या वाटेवर वातावरणात जळून गेली. (आपल्या 'फायनल_फायनल_३' फाइलींचं दुःख करताना हे आठवायला हरकत नाही.)

अमेरिकेत स्कायलॅब या अंतराळ स्थानकाच्या वेळी रेमंड लोवी या औद्योगिक डिझाइनरला बोलावलं होतं. त्याचा एक आग्रह असा की माणसं जिथे जेवायला बसणार तिथे खिडकी हवी. अभियंत्यांच्या दृष्टीने खिडकी म्हणजे यानाच्या कवचाला पाडलेलं भोक, डोक्याला ताप. १९७३ साली स्कायलॅब वर गेलं ते खिडकीसकट, आणि अंतराळवीर फावला वेळ तिच्यापाशी पृथ्वी बघत काढायचे. हिरवी जमीन आणि एक खिडकी. दोन्हींत कडी कुठेच नाही, आणि दोन्हींना 'काहून?' विचारलं तर उत्तर आहे.

तुला आवडेल असं एक नारिंगी उदाहरणही आहे. १८ फेब्रुवारी २०२१ ला नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारं यान, मंगळावर उतरला. त्याच्या पॅराशूटवर नारिंगी आणि पांढऱ्या पट्ट्यांची एक विचित्र, बेशिस्त वाटणारी नक्षी होती. उघडताना पॅराशूट कोणत्या बाजूला किती फिरलं, कापड कसं फुललं, हे व्हिडिओत ओळखता यायला हवं होतं. सगळीकडे सारखी नक्षी असती तर ते कळलं नसतं. म्हणून नक्षी असमान हवी, ही अभियंत्यांची गरज. ती गरज पुरी झाल्यावर त्यांनी मजा केली. पट्ट्यांमध्ये शून्य आणि एकच्या लिपीत 'डेअर माइटी थिंग्ज' असं वाक्य बसवलं, आणि बाहेरच्या कड्यात स्वतःच्या प्रयोगशाळेचे अक्षांश-रेखांश. पहिल्या झटक्यात कुणाला कळलं नाही, पण थोड्याच वेळात इंटरनेटवरच्या हौशी मंडळींनी ते उलगडलं. यातला क्रम बघ. आधी काम, त्या कामाच्या पोटात मस्ती. तुझ्या डब्यावर तू मस्ती आधी केलीस आणि काम करायचं राहून गेलं. त्याच डब्याच्या आतल्या झाकणावर, बर्फी उचलली की दिसेल अशी बारीक कडी असलेलं एक संत्रं ठेवलं असतंस, तर क्लायंट हसून हो म्हणाला असता असं मला वाटतं. तिथे कुणाची गाडी सुटत नाही.

इस्रोचं विचारलंस. सरळ सांगते. इस्रोतली शास्त्रज्ञ-अभियंता पदांची भरती मुख्यतः इंजिनिअरिंगच्या शाखांची असते. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर. आता बीएस्सीला नाव घातलंस तरी तीन-चार वर्षांनी त्या दारासमोर तू उभी असशीलच असं नाही, आणि मधल्या काळात हाताची सवय जाईल ती वेगळी. तरीही फिजिक्स मनापासून हवं असेल, तर आधी एक करून बघ. ग्रहांच्या कक्षांचं गणित असलेलं अकरावी-बारावीचं पुस्तक काढ आणि रविवारी सकाळी त्यातली उदाहरणं सोडव. दुपारच्या जेवणाचं भान राहिलं नाही तर मला परत लिही, मी मत बदलीन. माझा अंदाज असा की तू उदाहरण अर्धवट टाकशील आणि आकृती जास्त चांगली काढत बसशील. तसं झालं तर अपराधी वाटून घेऊ नकोस, तो तुझा कल आहे. आणि त्याला जागा आहे.

तू जी जेम्स वेब दुर्बिणीची छायाचित्रं वॉलपेपर म्हणून लावली असशील (लावली आहेतच, माझी खात्री आहे), ती दुर्बिणीतून तशी रंगीत येत नाहीत. वेब अवरक्त प्रकाश बघते, जो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. वेगवेगळ्या फिल्टरमधून काळ्या-पांढऱ्या प्रतिमा येतात. मग माणसं बसून ठरवतात, सगळ्यात लांब तरंगलांबीला लाल, आखूडला निळा, मधल्यांना मधले रंग. २०२२ च्या जुलैत आलेला कॅरिना तेजोमेघाचा तो तांबूस डोंगर असाच, जोसेफ डिपास्क्वाले आणि अलिसा पेगन या प्रतिमांवर काम करणाऱ्या दोघांच्या संगणकांवरून गेलेला आहे. काय उजळ करायचं, काय मागे ठेवायचं, खोटं न बोलता डोळा कुठे न्यायचा, हे सगळे निर्णय तू रोज संत्र्याच्या फोटोवर घेतेस. गुरू ग्रहाजवळ २०१६ साली पोहोचलेल्या जुनो यानाच्या कॅमेऱ्याच्या कच्च्या प्रतिमा तर नासाने सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या. जगभरातल्या हौशी लोकांनी त्यांतून जी चित्रं काढली, ती बघून थक्क व्हायला होतं. चांद्रयानाचा डेटाही इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नोंदणी करून घेता येतो. फक्त एक लक्षात ठेव. नासाची छायाचित्रं बहुतेक मोकळेपणाने वापरता येतात, पण त्यांचं बोधचिन्ह नाही. आणि कुणाचंही काहीही वापरलंस तरी श्रेय लिही, अगदी इन्स्टाच्या पोस्टवरसुद्धा.

आता नागपूर. तुझ्या पत्रात हैदराबाद-बंगळुरूचा उल्लेख नाही, पण मनात असणार. रॉकेट बनवणारी स्कायरूट, उपग्रह बनवणारी पिक्सेल अशा खासगी कंपन्या तिथे आहेत आणि त्यांना डिझाइनर लागतात, हे खरं. पण त्यांच्याकडे रॉकेटचं किंवा उपग्रहाचं सुंदर चित्र घेऊन जाऊ नकोस, ते त्यांच्याकडे खरेखुरे आहेत. त्यांना हवा असतो तो अवघड गोष्ट बघणाऱ्याच्या डोक्यात उतरवणारा माणूस. आणि ते शिकायला आपलं गाव फार चांगलं आहे. इस्रोचं प्रादेशिक दूरसंवेदन केंद्र अमरावती रोडला आहे. महाराष्ट्राचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून पिकं, पाणी, जमीन यांचे नकाशे करायचं काम या गावात चालतं आणि गावातल्या निम्म्या लोकांना ते माहीत नाही. ते कुणी नीट दाखवलेलं नाही म्हणून.

माझ्या मनात तुझ्यासाठी एक काम आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात किती जणांनी ते पाहिलं असेल. आकाशातून जळत्या ठिणग्यांची एक रांग सावकाश सरकत गेली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं, सुमारे तीन मीटर व्यासाचं. (तुझं कडीचं वेड असं कुठे खरं ठरावं!) ते चीनच्या लाँग मार्च रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असं खगोल अभ्यासकांनी लवकरच सांगितलं. पण त्या रात्री फोनवर उल्का, विमान, क्षेपणास्त्र, सगळं फिरत होतं.

तू एक कागद कर. फक्त एक, ए-फोर, मराठीत. 'आकाशातून जळतं काही जाताना दिसलं तर.' वरच्या भागात दोन आकृत्या शेजारी शेजारी. उल्का बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांत चमकून संपते. रॉकेटचा अवशेष सावकाश जातो, बराच वेळ दिसतो, त्याचे तुकडे एकामागून एक रांगेत दिसतात. हा फरक शब्द न वापरता दाखवायचा. स्थिर चित्रात वेळ कशी दाखवणार, इथे तुझा कस लागेल. खालच्या भागात, वस्तू पडलेली सापडली तर काय करायचं. हात लावायचा नाही, पोरांना लांब ठेवायचं, पोलीस ठाण्याला किंवा तहसीलला कळवायचं. आणि अट अशी की हा कागद ग्रामपंचायतीच्या झेरॉक्सवर काळा-पांढरा निघाला तरी वाचता आला पाहिजे. म्हणजे छटा नाही, जांभळा नाही, बारीक अक्षर नाही. मजकूर आधी जाणत्या माणसाकडून तपासून घे. रमण विज्ञान केंद्रात जा, तारांगणाचा खेळ संपला की तिथल्या लोकांना विचार, ते बोलतात. मग सिंदेवाहीची बस धर आणि ज्यांच्या शिवारात ते कडं पडलं त्यांच्याशी बोल, त्यांना त्या रात्री काय कळलं नव्हतं ते विचार. तुझ्या कागदाचं खरं ब्रीफ, म्हणजे काय करायचं त्याची मागणी, त्यांच्याकडे आहे. स्टुडिओत कुणी तुला असं ब्रीफ देणार नाही, आणि पोर्टफोलिओत असा एक कागद असला की समोरचा माणूस कडीवाल्या संत्र्याकडे वळूनही बघणार नाही.

हे झालं की पेंच. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवेसुद्धा बदलले, उजेड वर न सांडता खाली पडावा म्हणून. दिव्याला टोपी घालणं ही डिझाइनचीच गोष्ट आहे, आणि तुझ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला ती एका आकृतीत पटवता आली तर पेंचला जायच्या आधी घरच्या गच्चीवरूनही चार तारे जास्त दिसतील. यात आपल्या धंद्याची गोची अशी की शहराचं आकाश धुऊन टाकण्यात आपणच केलेल्या एलईडी फलकांचा वाटा आहे. सरांना हे आत्ताच सांगू नकोस.

सरांना सांगायचं ते वेगळं. त्यांच्याकडे अंतराळासाठी परवानगी मागू नकोस, वेळ माग. आषाढी झाली की लग्नपत्रिका थांबतात, क्लासवाल्यांचे प्रवेश आटोपलेले असतात, गणपतीचं काम अजून सुरू झालेलं नसतं. त्या दिवसांत आठवड्यातून एक दुपार लवकर सुटायला मिळावी, बदल्यात दिवाळीच्या डब्यांच्या वेळी तू उशिरापर्यंत थांबशील, असा व्यवहार मांड. व्यवहार त्यांना कळतो. सगळ्यांसमोर बोलल्याचं मात्र एकदा एकटं गाठून सांग, "सर, चूक दाखवा, पण टेबलावर, चहाच्या वेळी सगळ्यांसमोर नको." इतकंच, पुढे स्पष्टीकरण नाही. तुझं स्वतःचं काम तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर कर, स्टुडिओच्या मशीनवर नाही. फॉन्टही मोफत परवान्याचे वापर, देवनागरीत आता चांगले पुष्कळ आहेत. पुढे कुणाची कटकट नको. नोकरी आत्ता सोडायची नाही. पगार चालू असताना केलेल्या कामात जो निवांतपणा असतो तो घरी बसून मिळत नाही. वर्षभरात असे तीन-चार कागद तयार झाले आणि तरीही जीव घुसमटला, तर बंगळुरूचं तिकीट काढायला मीच सांगीन.

'चांद्रयान' म्हणतात, म्हणू दे. याहून वाईट टोपणनावं स्टुडिओत मी ऐकली आहेत. आणि बाबांना सांग, पत्रिका बघणाऱ्यांचं तर ग्रहांवर पिढ्यान्पिढ्या भरतंय.

लाडबोरीचा कागद तयार झाला की पहिल्यांदा मला पाठवू नकोस, सरांनाही दाखवू नकोस. तुमच्या प्रेसमध्ये कटिंगला जे काका असतील त्यांच्या हातात दे, काही न सांगता, आणि ते त्यात काय वाचतात ते बाजूला उभी राहून ऐक. त्यांनी जिथे अडून "हे काय वो?" विचारलं, तिथे पेन्सिलीने खूण कर आणि तेवढाच भाग परत काढ.

– तुझी ताई